मशीनखालचं पाणी

मामा, काल मशीन परत गळलं.

तेराव्याला आलेल्या पाहुण्यांच्या सतरंज्या, चादरी, टॉवेल यांचा ढीग न्हाणीघरात तसाच पडून होता. तीन दिवस मी त्याच्याकडे बघितलंही नाही. काल शाळेला सुट्टी, म्हणून एकदाची बसले. पहिला घाणा धुऊन झाला, पाणी सोडायचं बटण फिरवलं आणि थोड्या वेळानं पायाला गार लागलं. मशीनच्या पोटाखालून पाण्याची एक रेघ निघून उंबऱ्याकडे चालली होती. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मामा, बघा हो, परत आलं."

ओसरीवरून कुणी उठलं नाही. गुडघ्यावर हात टेकून, "आलो, आलो, पुसू नगं आत्ताच," असं कुणी म्हणालं नाही. मी ओल्या फरशीवर तशीच उभी राहिले आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तेरा दिवस बायका म्हणत होत्या, सून मोठी खंबीर आहे. त्यांना काय माहीत, मला रडायचीच भीती वाटत होती. एकदा तोंड उघडलं की पुढचंही सगळं बाहेर येईल, असं वाटायचं.

ते पुढचं आता लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टातून काही आलं की तुम्ही कागद माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, मंगल, वाच बरं, आन् गाळू नगं काई. आज मीच लिहिते, मीच वाचते, आणि काही गाळत नाही.

गोष्ट तुमच्या घोंगडीपासून सुरू होते. गुडघ्यांनी दगा दिला आणि तलवाड्याकडचा कळप विकावा लागला, तेव्हा शेवटच्या कातरणीची लोकर तुम्ही कुणाला दिली नाहीत. सगळी स्वतः कातलीत आणि सणगराकडून एकच घोंगडी विणून घेतलीत. काळीभोर, काठाला दोन पांढऱ्या रेघा. गेवराईला आमच्याकडे राहायला आलात ते एक पत्र्याची पेटी आणि खांद्यावर ती घोंगडी घेऊन. मी पलंग दाखवला, नवी गादी दाखवली. तुम्ही गादीवर घोंगडी अंथरलीत आणि तिच्यावर झोपलात. मेंढरं गेली तरी त्यांच्यातच झोपल्यासारखं वाटतं, असं तुमच्या लेकाला, सोपानला, सांगितलंत. मला नाही सांगितलं. मला तिच्या वासाचा त्रास होतो हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

वास येत होता, हे खरं. पण तो वास मला परका नव्हता. मीही मेंढरं राखणाऱ्याचीच लेक. उमापूरच्या आमच्या वस्तीवर माझी आई घोंगडीला साबण लावू द्यायची नाही. उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, फार तर गार पाण्यातून काढायची. ती अंथरून तिच्यावर भंडारा ठेवायचा असतो, चप्पल घालून तिच्यावर पाय द्यायचा नसतो, हे सगळं मला चालता यायच्या आधीपासून माहीत. म्हणून मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. मी बाई झाले, शाळेत शिकवायला लागले, कॉलनीत घर झालं, आणि मला त्या वासाची लाज वाटायला लागली. बस, एवढंच.

गौरींच्या हळदीकुंकवाला शाळेतल्या बाया येणार होत्या. तुम्ही नारायणगडाला दर्शनाला गेला होतात आणि एवढ्या उकाड्यात घोंगडी नको म्हणून ती घरीच ठेवली होतीत. मी बंबात कडक पाणी तापवलं, मशीनमध्ये ओतलं, दोन मुठी पावडर टाकली आणि घोंगडी आत कोंबली. मशीन कण्हत होतं. मी म्हटलं, कण्हू दे. पाणी काळं निघालं तेव्हा मला चक्क समाधान वाटलं. मग मी ती बाहेर ओढली. मामा, ती घोंगडी राहिलीच नव्हती. पुठ्ठ्यासारखी कडक, जाड, आणि चांगली हातभर आखडलेली. मी आणि गच्चीचा कठडा, दोघांनी मिळून ती ताणून बघितली. दगड बांधून बघितले. नाही वाढली. मशीनच्या जाळीत लोकरीचे गोळे अडकले होते, ते घाईघाईनं काढून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फेकले.

संध्याकाळी तुम्ही आलात. गडाचा प्रसाद माझ्या हातावर ठेवलात आणि आत गेलात. बाहेर आलात तेव्हा घोंगडी हातात होती. मी तुम्ही विचारायच्या आधीच बोलले. म्हटलं, उन्हात टाकली होती गच्चीवर, पावसाची एक सर आली आणि भिजली. तुम्ही अंगणाकडे बघितलंत. मातीवर सकाळी मारलेल्या झाडूच्या रेघा तशाच होत्या. आयुष्य ज्यानं आभाळाखाली काढलं, ढग बघून मेंढरांची वाट बदलली, त्या माणसाला मी पाऊस सांगत होते.

"लई आला व्हता का?" तुम्ही विचारलंत.

"एकच सर," मी म्हटलं.

तुम्ही घोंगडी घडी घालून खांद्यावर टाकलीत. ती पूर्वीसारखी कमरेखाली आली नाही. "म्हातारं मानूस आकडतं, तशी आकडली," म्हणालात आणि चहा मागितलात. मला वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांनी मशीन गळायला लागलं.

सुरुवातीला वाटीभर पाणी. मग तांब्याभर. मला काय झालं असावं याचा अंदाज पहिल्याच दिवशी आला होता, कारण जाळीतून निघालेली लोकर आणि घोंगडीतून गेलेली लोकर यांचा मेळ बसत नव्हता. उरलेली कुठंतरी आत होती. सोपान म्हणाला, मेकॅनिक बोलावू. मी नको म्हटलं. मेकॅनिक तुमच्यासमोर मागची पाटी उघडणार, तुमच्यासमोर लोकर ओढून काढणार, आणि बाई, हे आत कसं गेलं, असं विचारणार. मी त्याला म्हटलं, एवढ्याशा पाण्यासाठी कशाला, पुसून घेते मी. पुसणं सोपं होतं.

पण तुम्हाला काम सापडलं होतं. इथं बसायला पार नव्हता, राखायला जनावर नव्हतं. कॉलनीतले म्हातारे पेपर वाचायचे, त्यांच्यात तुम्हाला करमत नसे. मशीनखालचं पाणी हे गेवराईत आल्यावर तुम्हाला मिळालेलं पहिलं खरं काम, आणि तुम्ही ते मेंढरू हरवल्यावर शोधावं तसं शोधायला घेतलंत. आधी सगळी फरशी तुमच्या जुन्या धोतरानं कोरडी केलीत. नुसतं पाणी भरून तासभर बसून राहिलात. पाणी आलं नाही. मशीन फिरवायला लावलंत. तरी आलं नाही. मग पाणी सोडलं आणि आलं. तुम्ही एवढे खूश झालात की मला स्वयंपाकघरातून हाताला धरून बोलावून आणलंत.

"भरल्यालं पानी जात न्हाई, फिरल्यालं जात न्हाई. सोडल्यालंच जातंय. म्हंजी वाटंत कायतरी आडवं पडलंय बग."

मी मान हलवली.

पुढच्या रविवारी तुम्ही बंबातली राख चाळून आणलीत आणि मशीनखाली बारीक थर पसरलात. पाणी सोडलं की पहिला थेंब जिथं पडेल तिथं राखेत खळगा पडेल, मग बरोबर त्याच्या वर बघायचं. इतकी साधी आणि इतकी अचूक युक्ती मला, विज्ञान शिकवणारीला, सुचली नव्हती. तुम्ही फरशीवर गाल टेकवून आडवे पडला होतात, एक डोळा मिटून. मला म्हणालात, सोड पानी. मी बटणाला हात लावला आणि लावलेला काढून घेतला.

मग मी भांडण काढलं. तुम्हाला ते भांडण नक्की आठवत असेल, कारण त्यानंतर तुम्ही बदललात. मी म्हटलं, माझ्या धुतल्या पुसल्या घरात राख नको. बादलीभर पाणी ओतून मी सगळी राख वाहून नेली. तुम्ही उठून बसलात, धोतराला राखेचा चिखल. "कावून चिडायलीस गं? घावलंच व्हतं की," एवढंच म्हणालात. मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हटलं, घावायचं काय त्यात, तुमच्या बंडीच्या खिशातली सुपारी न् तंबाखू जाऊन बसलीय आत, दुसरं काय आडवं पडणार.

हे वाक्य मी बोलले, मामा. शुद्धीवर असताना, पाच पावलांवरून, तुमच्या तोंडाकडे बघून.

त्या दिवसापासून तुमचे कपडे मशीनजवळ आले नाहीत. पहाटे उठून अंगणातल्या नळाखाली दगडावर स्वतःचं धोतर, स्वतःची बंडी धुवायचात. गुडघे दुमडत नव्हते म्हणून एक पाय लांब पसरून बसायचात. सोपाननं विचारलं तर हसून सांगितलंत, हाताला काम पायजे. माझ्याकडे बोट नाही दाखवलंत. मी खिडकीतून बघायची आणि पोळ्या लाटायची. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज शाळेची वेळ व्हायची.

आणि तुम्ही कोण होतात माझे, ते मी विसरले होते का? नव्हते विसरले. म्हणून तर जास्त जळायचं. लग्नानंतर मी डी.एड.ला जायला लागले तेव्हा रेणुका सात महिन्यांची होती. तिला जुन्या घोंगडीच्या झोळीत घालून तुम्ही मेंढरांमागं हिंडलात. दुपारी ओढ्याकाठी झाडाला झोळी बांधायचात आणि कोकराला पाजायच्या बाटलीनं नातीला दूध पाजायचात. भावकीतले लोक हसले. सून पुस्तकं घेऊन गावाला आणि सासरा झोळी घेऊन रानात. तुम्ही पारावर उभं राहून म्हणालात, शिकायलीय ती, तुमच्या पोटात कावून दुखायलंय? मी ते पाठीमागून ऐकलं होतं. त्या शिक्षणानं मला नोकरी मिळाली, नोकरीनं हे घर, या घरात ते मशीन. आणि त्या मशीनपाशी उभं राहून मी तुम्हाला सुपारी-तंबाखू काढून दाखवली.

दिवाळीनंतर एक दिवस मी शाळेतून आले तर तुम्ही ओसरीवर टकळी फिरवत बसला होतात. कळप गेल्यापासून ती टकळी पेटीतून बाहेर निघाली नव्हती. बोटांची लय तीच होती. मला बरं वाटलं. शेजारी पक्कड पडलेली होती, तीही मी बघितली आणि विचार केला नाही.

"थांबलं बग पानी," तुम्ही टकळीवरची नजर न काढता म्हणालात.

"काय होतं?"

"काय की. घावलं न्हाई काई. आपुआप थांबलं."

मी त्या दिवशी तुम्हाला आवडतात म्हणून धपाटे केले, लसणाची चटणी वाटली. तुम्हाला वाटलं असेल, सून खूश आहे. सून सुटली होती. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आता टाकत जा हो कपडे मशीनला. तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे, हाताची सवय मोडती. मी परत म्हटलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित ऐकलं असतं.

मग ती सकाळ. चहा घेऊन आले, हाक मारली, आणि तुम्ही घोंगडीखाली तसेच. तिच्यात मावावं म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपायची तुम्हाला सवय लागली होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला. सोपाननं पाय सरळ केले.

तलवाड्याहून भावकी आली. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, त्याची घोंगडी कुटं हाय, अंगावर टाका, तिच्यासकट जाऊ द्या. सोपाननं घोंगडी छातीपासून खाली पसरली. ती नडगीवर संपली. पाय उघडे राहिले. त्यानं ती खाली ओढली तर छाती उघडी पडली. वर घेतली, परत पाय उघडे. अंगणातली सगळी माणसं ते बघत होती. चुलतभाऊ म्हणाले, येवढी आकूड कावून हाय ही? सोपान म्हणाला, जुनी हाय, दादांचीच हाय. जुनी नव्हती ती. चार वर्षांची होती. मी दारातून आत गेले, नवा टॉवेल आणला आणि तुमच्या पायांवर टाकला. तुमच्या तळव्यांच्या भेगांना माझी बोटं लागली. बायकांनी मला मागं ओढलं. सगळ्यांना वाटलं, सून पाया पडतेय.

काल पाणी परत आलं तेव्हा मात्र मी पुसलं नाही. बसस्टँडजवळच्या दुकानातून मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं मशीन आडवं केलं, पाटी काढली आणि बॅटरीचा उजेड पाडून बराच वेळ आत बघत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, ह्ये कुणी बांदलंय?"

मी वाकले. पाणी सोडायची नळी जिथं टाकीला जोडलेली असते, तिथं काळा दोरा गुंडाळलेला होता. एकाला एक लागून वेढे, मध्ये फट नाही, शेवटी ती गाठ, जी तुम्ही मेंढरं कोंडायच्या जाळीला, वाघुरीला, मारायचात. मेकॅनिक सांगत होता, आत काहीतरी अडकून पाण्याचा जोर मागं आला असंल, तोंडाशी नळी चिरलीय, त्या चिरेवर ह्ये बांदलंय. लोकर हाय ताई, भिजंल तशी आवळत जाती. आता चीर दोऱ्याच्या पुढं गेली म्हणून गळायलंय, बांदल्याली जागा अजून कोरडी हाय. नळी बदलावी लागंल.

मी विचारलं, आणि आत काय अडकलंय ते?

त्यानं नळी काढून उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं. "काईच न्हाई. कुणीतरी आदीच समदं काढून साफ केल्यालं हाय."

घरात लोकर नव्हती, मामा. पेटी मीच आवरली, तिच्यात टकळी होती आणि खाली पितळी घुंगरं. शेवटची सगळी लोकर घोंगडीत गेली होती. मी दोरा नखानं उकलून बघितला. काळ्या लोकरीत माझ्या शाळेच्या निळ्या साडीचे धागे पिळले गेले होते. ओली, साबणाची, गटारात जायची लोकर तुम्ही नळीतून ओढून काढलीत, वाळवलीत, पिंजलीत, माझ्यादेखत ओसरीवर बसून कातलीत, आणि तिचाच दोरा करून माझं मशीन बांधलंत. आणि मला म्हणालात, घावलं न्हाई काई.

मेकॅनिक जुनी नळी घेऊन जायला निघाला होता. मी मागून घेतली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, बरं झालं.

संध्याकाळी सोपान आला. मी त्याला नळी दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हळदीकुंकू, कडक पाणी, प्लॉटवर फेकलेली लोकर, पावसाची खोटी सर. तो रागावेल, निदान आवाज चढवेल, असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं. तो नळी हातात घेऊन बसून राहिला. त्याला वडिलांचे उघडे पाय दिसत असणार, मलाही तेच दिसत होते. मग म्हणाला, "गडावरून आलते, त्या दिशी दादांनी मला इचारलं व्हतं. गेवराईत पाऊस झाला का रं म्हणून. मी म्हणलो, एक थेंब न्हाई. मग म्हणले, मंगलला कायबी इचारू नगं."

म्हणजे पहिल्याच दिवशी. राख पसरायच्या आधी, गाल फरशीला टेकवायच्या आधी. मला वाटत होतं तुम्ही चोर शोधताय. तुम्हाला चोर माहीत होता, तुम्ही फक्त गळती शोधत होतात. आणि मी सुपारी-तंबाखू म्हटलं तेव्हाही तुमच्याकडे उत्तर तयार होतं. तुम्ही ते दिलं नाहीत. दगडावर जाऊन धोतर धूत बसलात. नळी उघडायच्या आधी मी आपणहून सांगेन, याची वाट बघत होतात का? विचारायला आता कुणी नाही.

घोंगडी तुमच्याबरोबर गेली. तुमच्या कळपाची लोकर या घरात आता या वीतभर नळीवर आहे तेवढीच. मी ती तुमच्या पेटीत, घुंगरांशेजारी ठेवली आहे. रेणुका सुट्टीला आली की तिला दाखवणार आहे आणि तिलाही काही न गाळता सांगणार आहे. नवी नळी बसली. आज सकाळी मी कपडे धुतले, फरशीवर पाणी आलं नाही. तरी बंबातली थोडी राख चाळून मशीनखाली पसरून ठेवली आहे. असू दे.

तुम्ही एकदाच विचारलं होतंत, लई आला व्हता का. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय.

त्या दिवशी पाऊस आला नव्हता, मामा.